आधी मुंडावळ्या, मग बाकीचं : नवरीच्या डोक्यावर काय, किती आणि कोणत्या क्रमाने

अंतरपाट दूर झाला, नवऱ्याने हार पुढे केला आणि माझ्या मामेबहिणीच्या मुंडावळीची डावी सर हाराच्या जरीत अडकली. त्याला कळलंच नाही. त्याने हात मागे घेतले, दोरा तुटला आणि मोती अक्षतांमध्ये विखुरले. पुढचे सगळे विधी उरलेली सर कानामागे खोचून झाले. फोटोत ती एका बाजूने नवरी दिसते आणि दुसऱ्या बाजूने पाहुणी.

त्या लग्नासाठी आम्ही दोन महिने अंबाड्यावरची सोन्याची फुलं शोधत होतो. मुंडावळ्या मात्र आदल्या संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या वेळी, 'काय आहे ते द्या' म्हणून घेतल्या होत्या. तेव्हापासून घरातल्या आणि ओळखीतल्या ज्या ज्या नवरीचं डोकं माझ्याकडे आलं, तिथे मी क्रम उलटा केला. मराठी लग्नात डोक्यावरची बाकीची प्रत्येक गोष्ट हौसेची असते. मुंडावळ्या विधीच्या असतात, सगळ्यात जास्त वेळ अंगावर राहतात आणि नेमक्या चेहऱ्यासमोर लोंबतात. म्हणून त्या आधी ठरवायच्या. अंबाडा, दागिने आणि फुलं त्यांच्याभोवती बसवायची.

खरेदीआधी घरात विचारून घ्या

बाजारात जाण्याआधी दोन्ही घरच्या मोठ्या बायकांशी दहा मिनिटं बोला. मुंडावळ्या मोत्यांच्या चालतात की फुलांच्याच लागतात? बाशिंग बांधायची पद्धत आहे का? त्या कोण बांधणार आणि कधी? सकाळी पहिल्या पूजेला बसतानाच बांधणार असतील तर केस तोवर झालेले हवेत. आणि सोडायच्या कधी? काही घरांत गृहप्रवेश आणि लक्ष्मीपूजन होईपर्यंत मुंडावळ्या काढत नाहीत. म्हणजे सकाळी सातला बांधलेली दोरी रात्री नऊपर्यंत कपाळावर राहणार. हे कळलं की जड काचमोत्यांचा मोह आपोआप सुटतो.

साड्या किती बदलायच्या आहेत, हेही विचारा. पूजेला नऊवारी, कन्यादानाला मामाकडची पिवळी अष्टपुत्री, नंतर शालू, संध्याकाळी स्वागतसमारंभाला आणखी काहीतरी. एवढ्या वेळा पदर खांद्यावरून जाणार असेल तर मानेवर रुळणारे लांब गजरे पहिल्याच बदलात चुरगळतात. डोक्यावरून पदर किंवा शेला घ्यायचा असेल तर अंबाड्याच्या वरच्या अर्ध्या भागावर टोकदार काही लावू नका.

बाशिंगाबद्दल इथेच सांगून टाकते. 'गुडघ्याला बाशिंग बांधलंय' असं आपण उतावळ्या मुलाला हसून म्हणतो, पण खरं बाशिंग बांधून बसायला चांगलाच धीर लागतो. कागद, बेगड, मोती आणि आरशाचे तुकडे लावलेला तो उभा मुकुट कपाळावर बांधतात. जुनी बाशिंगं मागून दोऱ्याने आवळलेली असतात आणि तो दोरा कानाच्या वर काचतो. बाशिंग असेल तर भांगटिळा आणि बिंदी दोन्ही रद्द करा. कपाळाला टेकतो तिथे आतून मऊ सुती पट्टी शिवून घ्या. त्याच्यामागे अंबाडा अगदी साधा पुरतो.

मुंडावळ्या निवडताना

दुकानात मिळणाऱ्या बहुतेक मुंडावळ्या एकाच मापाच्या असतात आणि बाजूच्या सरी थेट छातीपर्यंत येतात. माझ्या मते ते माप चुकीचं आहे. हार, मंगळसूत्र, ठुशी आणि नथ हे सगळं त्याच भागात असतं. लोकरीचा एक धागा घ्या, कानशिलापाशी धरा आणि जबड्याच्या दोन बोटं खाली कापा. तुमचं माप ते. तयार मुंडावळ्या लांब असतील तर खालचे मोती काढून शेवटी गाठ मारून द्या, असं दुकानदाराला सांगा. पुण्यात तुळशीबागेत, दादरला रानडे रोडवर किंवा भुलेश्वरला हे काम उभ्या उभ्या होतं.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे दोरा. सर हातात घेऊन हलकेच ताणून बघा. मोती नुसतेच ओवलेले असतील तर एका ठिकाणी तुटलं की सगळे घरंगळतात. दर चार-पाच मोत्यांनंतर गाठ असेल तर तुटूनही तीन-चारच मोती जातात. तयार मिळत नसेल तर पटवेकऱ्याकडून रेशमी दोऱ्यात गाठी मारून ओवून घ्या. दागिने गाठून देणारे हे कारागीर सराफ कट्ट्याच्या आसपास अजून सापडतात. मागे बांधायच्या नाड्या गुळगुळीत सॅटिनच्या नकोत, त्या हमखास सुटतात. सुती नाडी घ्या आणि दोन्ही बाजूंना वीतभर जास्त ठेवा.

डाव्या बाजूला नथ असते हे विसरू नका. मान खाली घातली की डावी सर पुढे येते आणि नथीच्या तारेत अडकते. ती ओढली गेली की कळ थेट नाकात जाते. म्हणून सरी भुवईच्या टोकापाशी नकोत, कानशिलाच्या मागच्या कडेला हव्यात, म्हणजे गालाच्या बाहेरून पडतात.

चष्मा वापरणाऱ्या मुलींसाठी क्रम असा : आधी मुंडावळ्या, मग चष्मा. उलट केलं तर चष्म्याच्या काड्या नाडीखाली अडकतात आणि डोळे पुसायलाही चष्मा निघत नाही. नवरीला डोळे पुसायची गरज किती वेळा पडते ते सांगायला नको.

फुलांच्या मुंडावळ्या निशिगंधाच्या कळ्यांच्या सर्वांत चांगल्या टिकतात. मात्र त्या ओल्या येतात आणि कानशिलावरचा मेकअप ओघळतो. बांधण्याआधी अर्धा तास कोरड्या पंचावर पसरून ठेवा. रंगात बुडवलेली फुलं घेऊ नका, घामाबरोबर निळा-जांभळा रंग गालावर उतरतो. मी साधारण असं करते : मंगलाष्टकांपर्यंत फुलांच्या, जेवणानंतर मोत्यांच्या. घरच्यांना ते चालणार असेल तरच, अर्थात.

आणि होम. लाजाहोमाला भाऊ ओंजळीत लाह्या घालतो आणि नवरी अग्नीकडे झुकते, तेव्हा दोन्ही सरी ज्वाळेच्या दिशेने पुढे येतात. प्लास्टिकचे मोती वितळतात. करवलीला आधीच सांगून ठेवा, होम सुरू झाला की दोन्ही सरी कानामागे. एवढं एक काम तिच्याकडे द्या. बाकी वेळ ती नवऱ्या मुलाचे जोडे सांभाळायला मोकळी.

कपाळाची जागा मोजा

चेहरा गोल की लांबट, त्याप्रमाणे काय घालावं याचे तक्ते सगळीकडे मिळतात. मी ते कधी फारसे मानले नाहीत. मी फक्त कपाळ मोजते. भुवयांच्या मध्यापासून केसांच्या रेषेपर्यंत आपलीच बोटं आडवी ठेवा. चार किंवा जास्त बसली तर कपाळावर तीन गोष्टी राहू शकतात : कुंकू किंवा चंद्रकोर, मुंडावळ्या आणि भांगातून उतरणारी लहान बिंदी. तीनच बोटं बसत असतील तर बिंदी सोडा. आजीचा बिंदी-बिजवरा घालायचाच असेल तर मुंडावळ्या एकसरी घ्या आणि त्या बिजवऱ्याच्या खाली नाही तर त्याच्या कडेवरून जातील असं बघा.

दिवसभरात किती जणी कपाळाला हळदकुंकू लावतात ते एकदा मनात आणा. प्रत्येक औक्षणाला एक बोट. दुपारपर्यंत चिकटवलेली नाजूक चंद्रकोर त्याखाली पुरली जाते आणि मुंडावळीचे मधले मोती गुलाबी होतात. म्हणून मधल्या भागात मोत्यांऐवजी सोनेरी मणी असलेली मुंडावळी मला सोयीची वाटते. चंद्रकोर थोडी मोठी काढा आणि पर्समध्ये कोरडा रुमाल ठेवा.

अंबाडा, वेणी, गंगावन

खोपा आणि अंबाडा हे शब्द हल्ली पार्लरमध्ये एकाच अर्थाने वापरतात. त्यामुळे केस करणाऱ्या ताईंना नाव सांगू नका, फोटो दाखवा, आणि तोही मागून काढलेला. समोरून काढलेल्या फोटोत अंबाडा कुठे आहे हे कळत नाही.

उंची महत्त्वाची. मुंडावळीची नाडी कपाळावरून कानाच्या वरून मागे जाते आणि डोक्याच्या मागच्या फुगवट्याखाली बांधली तरच दिवसभर राहते. अंबाडा त्याच्या लगेच वर असेल तर नाडी वर सरकत नाही आणि गाठही झाकते. टाळूवरचा उंच अंबाडा दिसतो छान, पण मागे नाडी उघडी पडते आणि गाडीत बसताना अंबाडा छताला लागतो.

केस आदल्या दिवशी धुवा, लग्नाच्या सकाळी नाही. नुकत्याच धुतलेल्या केसांवरून पिना घसरतात. हळद आदल्या दिवशी असेल तर तेल मिसळलेली हळद केसांच्या रेषेत जाते आणि तिथेच पुढच्या पिना बसायच्या असतात. हळदीला डोक्याला जुना पंचा बांधा. आत्या-मावश्या ऐकणार नाहीत, तरी बांधा.

काळ्या पिनांची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी. बहुतेक जणी उलटी घालतात. दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या घातल्या की धरतात, एकटी पीन तासाभरात सैल होते. अंबाड्याभोवती आकडे, म्हणजे इंग्रजी U सारख्या उघड्या पिना, घालायचे तर आधी डोक्याच्या बाहेरच्या दिशेने थोडे केस उचलायचे, मग आकडा वळवून आत रेटायचा. जड दागिना लावायचा असेल तर त्याच्या बरोबर खाली केसांची एक बारीक तिपेडी वेणी घालून ती सपाट बसवा आणि दागिन्याची पीन त्या वेणीतून जाऊ द्या. सुट्या केसांपेक्षा वेणी वजन कितीतरी चांगलं पेलते.

केस पातळ असतील तर गंगावन घ्या. रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नव्हे, दाराबाहेर उन्हात जुळवा. कृत्रिम केसांच्या गंगावनाला गरम चिमटा लावला की ते वितळतं, तेव्हा खरे केस की नकली हे विचारूनच घ्या. दाट आणि लांब केस असलेल्या मुलींना आत स्पंजची चकती भरायचा आग्रह होतो, तो स्पष्ट नाकारा. त्यांच्या डोक्यावर आधीच पुरेसं वजन असतं. कुरळे केस सरळ करून मग अंबाडा घालणं हे तर वेळेचं नुकसान आहे. कुरळे केस पिना घट्ट धरून ठेवतात, ती तुमची जमेची बाजू.

मानेपर्यंतच केस असलेल्या नवरीला खोटा अंबाडा लावलाच पाहिजे असं नाही. मागे दोन्ही बाजूंचे केस ओढून एक रुंद क्लिप लावायची आणि तिच्यावर आडवा, कानापासून कानापर्यंत, दाट गजरा. मुंडावळ्यांबरोबर हे इतकं देखणं दिसतं की लांब केसवाल्यांनी वळून बघावं. उपचारांमुळे केस गेलेल्या एका मैत्रिणीच्या विगवर आम्ही असंच केलं होतं. फक्त पिना विगच्या जाळीत अडकवल्या आणि नाडीखाली कपाळाला सुती पट्टी ठेवली.

राखडी, अग्रफूल आणि आजीचा डबा

जुन्या घरांत राखडी, मूद, अग्रफूल, केवडा, नाग, चंद्र-सूर्य असे केसांचे दागिने सापडतात. ते लांब वेणीच्या आणि दररोजच्या अंबाड्याच्या काळातले आहेत. बऱ्याच जणांना मागे नुसती कडी किंवा आकडा असतो, आजच्यासारखी पीन नसते. इथे एक मोठी चूक होते : 'पीन लावून द्या' म्हणून दागिना तसाच सोनाराकडे टाकला जातो. जुने पोकळ दागिने आतून लाखेने भरलेले असतात. आचेवर झाळून पीन जोडली की लाख पाघळते, वरचा पातळ पत्रा दबतो आणि नक्षी जाते. त्यापेक्षा एक लहान फणीचा क्लिप घ्या आणि कडीतून काळा मजबूत दोरा काढून दागिना त्यावर शिवा. लग्न झालं की दोरा कापायचा, दागिना जसाच्या तसा.

खरे मोती असतील तर स्प्रे आणि अत्तर त्यांच्यापासून लांब ठेवा. त्यांची चमक जाते आणि परत येत नाही. म्हणून स्प्रे आधी, दागिना नंतर.

नवं घ्यायचं असेल तर चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली फुलं मला पटतात. हलकी असतात आणि नंतर रोजच्या सणावारालाही चालतात. घेताना मागची पीन बघा. ती निदान सहा सेंटिमीटर हवी, नाहीतर अंबाड्याच्या वरच्या थरातच राहते आणि जेवणाच्या पंगतीत ताटात पडते. दागिन्याच्या कडेवरून नायलॉनचा मोजा फिरवा. मोजा अडकला तर केसही अडकणार. खोट्या दागिन्यांनी त्वचेवर पुरळ येतं का, हे पंधरा दिवस आधी तासभर घालून बघा. येत असेल तर कपाळाला टेकणाऱ्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचे दोन थर द्या.

मग सगळं एकत्र स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा : गंगावन, चकती, फुलं, राखडी, पिना, आणि अंदाजाने गजरा. पाव किलोच्या वर गेलं तर मी एक वस्तू काढते. कोणती काढायची यावर भांडण होतं. तेही खरेदीचाच भाग आहे.

फुलं : महिना बघून ठरवा

तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात आणि नेमक्या त्याच थंडीत मोगरा आटतो. मोगरा उन्हाचं फूल आहे, फाल्गुनाच्या सुमाराला येऊ लागतो आणि वैशाखात भरभरून असतो. डिसेंबरात जो मिळतो तो दुरून, बहुतेक दक्षिणेतून येतो आणि उन्हाळ्याच्या कित्येक पट भावाने. मदुराईच्या मोगऱ्याला तर २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याच्या टपोऱ्या कळ्या बघितल्या की कारण कळतं. तरीही माझं म्हणणं, डिसेंबर-जानेवारीच्या लग्नात मोगऱ्याचा हट्ट नको. थंडीत कुंदा असतो, मोगऱ्याइतकाच पांढरा. शेवंती भरात असते. निशिगंध जवळपास बारा महिने मिळतो. पावसाळा उलटता उलटता जाई-जुई.

अबोली ही माझी हुकमाची राणी. वास नाही, म्हणून ज्यांचं डोकं उग्र वासाने चढतं त्या मुलींना निर्धास्त देता येते. मोगऱ्यासारखी हात लागला की काळी पडत नाही. गोव्यात आणि तळकोकणात अबोलीशिवाय नवरीचा अंबाडा पुरा होत नाही आणि ते बरोबरच आहे. त्याच भागात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सुरंगी येते. सिंधुदुर्गातलं किंवा गोव्यातलं लग्न त्या दिवसांत असेल तर सुरंगीचा वळेसर जरूर घ्या, पण पांढऱ्या किंवा फिक्या शालूवर नाही, तिचे पिवळे पराग डाग पाडतात. बकुळ सुकली तरी दरवळते. एक छोटा सर अंबाड्याच्या आत, न दिसेल असा खोचला तर रात्रीपर्यंत वास पुरतो.

आता मापाचा हिशोब, कारण इथे जवळजवळ प्रत्येक घर चुकतं. अंबाड्याचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर घेर ३१ सेंटिमीटर होतो. दोन वेढे म्हणजे ६२, म्हणून लोक साठ-सत्तर सेंटिमीटरचा गजरा आणतात आणि तो अपुरा पडतो. गजऱ्याला स्वतःची जाडी असते. अडीच सेंटिमीटर जाडीचा गजरा अंबाड्याभोवती बसला की पहिला वेढा साधारण ३९ आणि त्याच्याबाहेरचा दुसरा ५५ सेंटिमीटरचा होतो. बेरीज ९४. म्हणजे दोन वेढ्यांना मीटरभर हवा. फुलवाल्याला 'दोन गजरे द्या' असं सांगण्याऐवजी मीटरभराची सुतळी कापून त्याच्या हातात द्या.

गजरा गाठी मारून गुंफलेला घ्या, सुईने ओवलेला नको. ओवलेली कळी भोकापासून तपकिरी पडत जाते आणि सर ताठ राहतो, अंबाड्यावर वळत नाही. केळीच्या सोपटात बांधलेला मिळाला तर उत्तमच, पण वेढण्याआधी सोपट ओलं करून घ्या, कोरडं तुटतं.

मोगऱ्याच्या कळ्या सकाळी खुडतात आणि संध्याकाळी उमलतात. याचा फायदा घ्यायला शिका. गोरज मुहूर्त असेल तर त्याच दिवशी सकाळी घट्ट कळ्यांचा गजरा आणा, मंगलाष्टकांच्या सुमारास तो डोक्यावरच उमलेल. सकाळचा मुहूर्त असेल तर आदल्या दिवशीच्या कळ्यांचा गजरा करवून घ्या आणि रात्री ओलसर सुती कापडात किंवा केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर सकाळी काळा लगदा हाती येतो. पिकलेली केळी आणि सफरचंदं त्या रात्री फ्रिजबाहेर काढा, त्यांच्या शेजारी फुलं लवकर मलूल होतात. लग्नघराचा फ्रिज हा स्वतंत्र प्रश्न आहे. श्रीखंडाच्या पातेल्यांतून जागा मिळवायची तर आचाऱ्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

मुंबईत दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्यात मार्केट यार्डात पहाटे स्वतः गेलात तर फुलं ताजी मिळतात. पण गुंफणारी बाई आधी ठरवलेली नसेल तर पिशवीभर कळ्या घेऊन घरी याल आणि घरात कोणालाच गुंफता येत नाही असं लक्षात येईल. माझ्याकडून हे एकदा झालेलं आहे.

परदेशातल्या मराठी मुलींसाठी एवढंच : बॅगेत ताजे गजरे घालून जाऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारख्या देशांत फुलं-पानं जाहीर करावी लागतात आणि बहुधा तिथेच काढून घेतली जातात. मोत्यांच्या मुंडावळ्या आणि कापडी गजरा इथून न्या, ताजी फुलं तिथे शोधा. सिंगापूरला लिटल इंडियात गजरे गुंफून देणारे सहज सापडतात. कापडी गजरा घेताना तो पांढराशुभ्र नको, किंचित पिवळसर घ्या आणि त्यात पाच-सहा हिरवी पानं खोचा. मग दोन हातांवरूनही कळत नाही.

ट्रायल : दहा नमस्कार

ट्रायल म्हणजे आरशासमोर बसून छान दिसतंय म्हणणं नव्हे. लग्नाआधी दहा-पंधरा दिवस, सगळं डोक्यावर लावून, नथ घालून, चष्मा असेल तर चष्म्यासकट तीन तास घरात वावरा. दहा वेळा पूर्ण वाकून नमस्कार करा. लग्नात याहून जास्त होतात. पाटावर बसा, उठा. गाडीत बसून मान मागे टेका. दुधाचा पेला तोंडाला लावून बघा, सर पेल्यात जाते का. हातात बांगड्या भरून दोन्ही हात वर करा, हार घालताना चुडा अंबाड्यात अडकतो का ते तेव्हाच कळतं.

तीन तासांनी कानामागे किंवा टाळूला दुखत असेल तर 'त्या दिवशी जाणवणार नाही' असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. त्या दिवशी उपाशीपोटी जास्त जाणवतं. कुठली पीन टोचते तिथे बोट ठेवून दाखवा.

मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो काढून घ्या आणि किती पिना लागल्या ते लिहून ठेवा. याचा उपयोग रात्री आहे.

लग्नाची सकाळ, मुहूर्तापासून उलटी

समजा मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा आहे. त्याआधी नवरी गौरीहराशी बसते, म्हणजे ११ ला ती तिथे हवी. सकाळचे विधी साडेआठला सुरू होत असतील तर केस त्याआधीच झालेले हवेत. केसांना सव्वा तास धरा, नऊवारीला अर्धा तास. म्हणून साडेसहाला खुर्चीवर.

क्रम असा ठेवा. आधी केस बांधून स्प्रे मारायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. स्प्रे पेट घेणारा असतो, होमाच्या शेजारी बसून वरून मारायची वस्तू ती नव्हे. मग साडी. ती नेसताना डोक्याला धक्के बसतात, म्हणून फुलं आणि दागिने त्यानंतर. आधी बिंदी किंवा भांगटिळा, मग अंबाड्याची फुलं, मग गजरा. गजऱ्यावर स्प्रे कधीच नाही, पाकळ्या काळ्या पडतात. सर्वांत शेवटी, ज्यांचा मान असेल त्यांच्या हातून मुंडावळ्या. बांधणाऱ्या काकूंना गाठ कुठे यायला हवी ती जागा बोटाने दाखवा, नाहीतर त्या प्रेमाने अंबाड्याच्या बरोबर मधोमध बांधतात.

स्वागतसमारंभासाठी केस पूर्ण सोडून नव्याने बांधायचा बेत असेल तर दीड तास हातात हवा, आणि तो नसतो. त्यापेक्षा तोच अंबाडा ठेवा, मलूल गजरा काढा, दुसरा वेढा. कोणाच्या लक्षात येत नाही.

करवलीची पिशवी आणि रात्र

पिशवीत वीस काळ्या पिना, दहा आकडे, लहान कात्री, काळा दोरा ओवलेली सुई, सुती नाडीचा तुकडा, ओल्या कापडातला राखीव गजरा, कोरडा रुमाल आणि जास्तीची एक साधी एकसरी मुंडावळी. शेवटची वस्तू आमच्याकडे आता प्रत्येक लग्नात असते.

रात्री केस सोडवायला घाई करू नका. आधी मुंडावळ्या, त्या कुठे ठेवायच्या हे घरचे सांगतील. मग गजऱ्याचा दोरा कात्रीने कापा, ओढू नका. दागिने काढले की लगेच मऊ कोरड्या फडक्याने पुसून डबीत टाका, विशेषतः आजीचे. मग पिना, खालून वर. प्रत्येक पीन वाटीत टाका आणि लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून बघा. स्प्रेने कडक झालेल्या केसांत तसाच कंगवा घालू नका. आधी बोटांनी खोबरेल चोळा, दहा मिनिटं थांबा, मग रुंद दातांचा कंगवा टोकांपासून वर आणा.

उशीवर आधी एक टॉवेल अंथरा. कितीही विंचरलं तरी अक्षता सकाळपर्यंत निघत राहतात. मामेबहिणीच्या वेळी आम्ही चौपन्न पिना घातल्या होत्या आणि रात्री वाटीत बावन्न निघाल्या. उरलेल्या दोन तिला सत्यनारायणाच्या पूजेत सापडल्या, नमस्काराला वाकली तेव्हा.